साकोलीचे झेरॉक्स दुकान आणि चार लाखांचा जुना स्कॅनर

साकोली तालुक्यातील एका वाचकांचे पत्र आले आहे. बसस्थानकाजवळ त्यांचे झेरॉक्सचे आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान आहे, घरची चार एकर धानाची शेती आहे, मुलगी बारावीत आहे आणि पाच लाखांची मुदत ठेव येत्या महिन्यात पूर्ण होत आहे. नागपुरातील एक व्यापारी त्यांना ४२ इंच रुंदीचा, नऊ वर्षे वापरलेला मोठ्या कागदांचा स्कॅनर रोखीने ३,४०,००० रुपयांना देण्यास तयार आहे. पक्के बिल हवे असल्यास १८ टक्के जीएसटी वेगळा, म्हणजे ४,०१,२०० रुपये. जुने गावनकाशे, मोजणीचे नकाशे, बांधकामाचे आराखडे आणि जुनी महसुली रजिस्टरे यांच्या स्कॅनिंगचे दिवसाला वीस कागद, कागदाला १५० रुपये आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरून ७५,००० रुपये येतील, असा त्यांचा अंदाज आहे. ठेवीचे पैसे यात घालावेत का, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

सध्याच्या किमतीला आणि सध्याच्या कामावर हे यंत्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमचा धंद्याचा विचार मात्र चुकीचा नाही, म्हणून नकार कळवून थांबण्यापेक्षा कोणत्या किमतीला आणि किती काम हाताशी आल्यावर हा व्यवहार परवडेल, ते सविस्तर लिहितो.

तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची ओळ तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे. गेल्या तीन महिन्यांत मोठ्या कागदासाठी ३८ जण आले आणि त्यांचे मिळून ६१ कागद होते, हे तुम्ही वहीत टिपून ठेवले आहे. महिन्याला वीस कागद हे झालेले काम आहे आणि दिवसाला वीस हा अंदाज आहे. यंत्र दुकानात आले की गिऱ्हाईक वाढते हे मला मान्य आहे, परंतु ते पंचवीस पटींनी वाढेल असे मानायला आधार लागतो आणि तो तुमच्या पत्रात मला सापडला नाही.

आता खर्चाकडे पाहू. पक्क्या बिलाची किंमत ४,०१,२०० रुपये. त्यावर वाहतूक, यूपीएस, बऱ्यापैकी संगणक, साठवणीच्या डिस्क आणि सुरुवातीलाच बदलावे लागतील असे रोलर यांसाठी तुम्हीच धरलेले ८५,००० रुपये मिळवले, तर ४,८६,२०० रुपये होतात. यंत्र आणखी चार वर्षे चालले आणि शेवटी सगळ्याचे मिळून ६६,२०० रुपये सुटले असे उदारपणे मानले, तरी महिन्याला ८,७५० रुपयांची झीज होते. हीच रक्कम सात टक्क्यांनी ठेवीत राहिली असती तर महिन्याला सुमारे २,८०० रुपये व्याज आले असते. दुरुस्तीचे २,००० आणि विजेचे १,००० धरा. तुम्ही अर्ज भरण्यात गुंतलेले असताना यंत्रावर कोणीतरी लागेल, म्हणून अर्ध्या दिवसाच्या मुलाचे ६,००० धरा. बेरीज २०,५५० रुपये होते, म्हणजे १५० रुपयांच्या दराने महिन्याला १३७ कागद आले तर ना नफा ना तोटा. आज येतात वीस.

यापेक्षाही मोठी अडचण कागदाच्या जातीची आहे आणि ती व्यापारी तुम्हाला सांगणार नाही. मोठ्या आकाराचा हा स्कॅनर सुटा कागद रोलरमधून ओढून घेतो. बांधलेले रजिस्टर त्यात जातच नाही. तुमच्या पत्रात कामांची जी यादी आहे, तिच्यातील कोतवाल बुक (गावातील जन्म-मृत्यूंच्या नोंदींची जुनी वही), शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, फेरफाराची वही आणि सेवा सहकारी सोसायटीची जुनी खतावणी ही सगळी शिवलेली रजिस्टरे आहेत. जातपडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे पुरावे लागत असल्याने अशा रजिस्टरांची शोधाशोध आपल्या भागात कायम चालू असते हे खरे आहे. त्या कामाला मात्र वरून छायाचित्र घेणारा स्टँड, दोन दिवे, पान दाबायला काच आणि चांगला कॅमेरा लागतो. शिवाय शासकीय रजिस्टर कार्यालयाबाहेर येत नाही आणि समितीपुढे चालते ती कार्यालयाने दिलेली प्रमाणित प्रत. तुमच्या स्कॅनला तो दर्जा नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगत चला.

सुट्या कागदांतही फरक आहे. जुने गावनकाशे कापडावर चिकटवलेले असतात, घड्यांवर झिजलेले असतात, आणि ज्या यंत्रात संवेदक कागदाला जवळजवळ टेकून असतो त्याला अशी उंचसखल घडी नीट दिसत नाही. घडीवरचा गटक्रमांक पुसट येतो. भिंगातून, थोड्या अंतरावरून टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचे यंत्र या कामाला बरे पडते, पण ते महाग असते आणि त्यातील कॅमेरे एकमेकांशी जुळवून घ्यावे लागतात. तुम्हाला दाखवलेले यंत्र या दोहोंपैकी कोणते आहे, हे पत्रात नाही. व्यापाऱ्याला हा पहिला प्रश्न विचारा. रुंदीचेही तसेच आहे. ए-झीरो कागदाची आखूड बाजू ८४१ मिलिमीटर, म्हणजे ३३ इंचांहून किंचित जास्त असते. ३६ इंचांच्या यंत्रात तो आरामात बसतो, त्यामुळे ४२ इंचांसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

पुढे कधी यंत्र पाहायला गेलात, तर स्वतःचे दोन कागद सोबत न्या. एक पूर्ण कोरा पांढरा. तो स्कॅन करून पडद्यावर मोठा करून पाहा. काचेवर धुळीचा एक कण असला तरी तो या प्रकारच्या यंत्रात ठिपका म्हणून उमटत नाही, कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढून जातो. काच पुसल्यावरही रेघ राहिली तर काच किंवा संवेदक गेला आहे. दुसऱ्या कागदावर घरीच पोलादी पट्टीने एक आडवी आणि एक उभी रेघ मोजून आखा, आडवी ८०० मिलिमीटरची आणि उभी १,००० मिलिमीटरची, आणि स्कॅनमध्ये त्यांची लांबी तपासा. रोलर झिजले असले की कागद घसरतो आणि ओढण्याच्या दिशेची लांबी चुकते. १:४००० प्रमाणाच्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ४ मीटर असतात. बांधाच्या वादात तुमचा स्कॅन कोणी पुढे केला, तर एवढ्या फरकाने दोन भाऊ बोलायचे थांबतील.

संगणकाशी जोडणीचा प्रश्नही किरकोळ समजू नका. नऊ वर्षांपूर्वीच्या यंत्राचे सॉफ्टवेअर बहुधा विंडोज ७ च्या काळातले असते. त्या प्रणालीचा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला आणि विंडोज १० चाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. माझ्या एका जुन्या अशिलाने असेच वापरलेले यंत्र घेतले होते. यंत्र ठणठणीत होते, पण त्याचे सॉफ्टवेअर ज्या डोंगलशिवाय, म्हणजे संगणकाला लावायच्या परवान्याच्या छोट्या किल्लीशिवाय, उघडत नव्हते ते डोंगल विक्रेत्याकडेच राहिले आणि विक्रेत्याने फोन उचलणे बंद केले. सात महिने ते यंत्र दुकानाच्या कोपऱ्यात धानाच्या पोत्यांवर टाकतात त्या ताडपत्रीखाली पडून होते. म्हणून तुमच्याच संगणकावर, तुमच्यासमोर, ए-झीरो आकाराचे दहा कागद सलग स्कॅन झाल्याशिवाय इसार देऊ नका. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) रंगीत ए-झीरोची एक फाइल दाबण्यापूर्वी सुमारे ४२० एमबीची असते, त्यामुळे दुकानातला अर्ज भरायचा संगणक या कामाला पुरेल का, तेही तिथेच कळेल.

रोखीच्या सवलतीबद्दल. बिनबिलाचा व्यवहार ६१,२०० रुपयांनी स्वस्त दिसतो, पण तो करू नका. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यवहारात रोखीने स्वीकारणे आयकर कायद्याने मना आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो, हे व्यापाऱ्याला ठाऊक असणारच. तुमच्या बाजूने पाहिले तर धंद्यासाठी घेतलेल्या मालमत्तेपोटी एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिली, तर ती रक्कम घसाऱ्यासाठी किमतीत धरली जात नाही. अर्थात तुम्ही उलाढालीच्या सहा किंवा आठ टक्के नफा दाखवून विवरणपत्र भरता, त्यामुळे घसाऱ्याची वेगळी वजावट तुम्हाला तशीही मिळत नाही. बिनबिलाच्या यंत्राचा विमा, त्यावरचे कर्ज आणि उद्याची फेरविक्री या तिन्ही गोष्टी अडतात, हे तुमच्यासाठी अधिक महत्त्वाचे आहे. तुमची जीएसटी नोंदणी नसल्याने बिलावरचा कर परत मिळणार नाही. तो किमतीचाच भाग समजून घासाघीस करा.

शासकीय कामाची आशाही तुम्ही व्यक्त केली आहे. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची मोठी कामे निविदेने जातात. त्यांना उलाढालीची, अनुभवाची आणि बयाणा रकमेची अट असते, आणि अभिलेख बाहेर जात नसल्याने कंत्राटदाराची माणसे व यंत्रे कार्यालयातच बसतात. तुमच्या वाट्याला फार तर पोटकंत्राट येईल. तसे आले तर उद्यम नोंदणी आधी करून घ्या, कारण सूक्ष्म उद्योगाचे बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन कायद्यात आहे. प्रत्यक्षात किती दिवस लागतात, हे धानाच्या चुकाऱ्यांची वाट पाहणाऱ्या माणसाला मी सांगायला नको.

मला खरी शक्यता दिसते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे खासगी मोजणीदार आणि बांधकाम अभियंते, ज्यांच्याकडे ट्रेसिंगचे गठ्ठे पडून आहेत. दुसरे म्हणजे वन हक्क कायद्याखाली सामूहिक दावा केलेल्या किंवा करू पाहणाऱ्या ग्रामसभा. जुनी निस्तार पत्रके, म्हणजे सरपण-चराईसारख्या गावहक्कांच्या नोंदी, आणि वहिवाटीचे नकाशे हा त्यांचा पुरावा असतो, आणि त्याच्या प्रती अनेकदा एकाच कार्यकर्त्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत असतात. अशा दहा जणांना भेटा आणि वर्षाला किती कागद देतील, ते वहीत लिहून घ्या.

आता घरचा पैसा. पाच लाखांची ठेव ही पूर्ण मोकळी रक्कम नाही. घरखर्च महिन्याला २२,००० आहे. सहा महिन्यांचे १,३२,००० रुपये बाजूला राहिलेच पाहिजेत. पुढच्या जूनमध्ये मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी तुम्ही १,५०,००० धरले आहेत. उरतात २,१८,०००. जिल्हा बँकेचे १,२०,००० चे पीककर्ज तुम्ही धानाच्या पैशातून फेडणार आहात. चुकारे लांबले तर ३१ मार्चच्या आत भरण्यासाठी ठेवीलाच हात लावावा लागेल, कारण मुदत चुकली की डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतील शून्य टक्क्याचा लाभ जातो. म्हणून मार्चचा भरणा होईपर्यंत यंत्राचा व्यवहार करूच नये. पीककर्जाची उचल यंत्रात घालण्याचा जो पर्याय तुमच्या मेहुण्यांनी सुचवला आहे, त्याचा तर विचारही नको.

तोवर मोठे कागद नागपूरला पाठवा. तिथला दर तुम्ही ८० रुपये लिहिला आहे. पंधरवड्यातून एकदा गठ्ठा घेऊन एसटीने गेलात तर महिन्याच्या वीस कागदांवर १,४०० रुपये सुटतील आणि दोन खेपांचे भाडे वजा जाता हातात फारसे काही उरणार नाही, पण गिऱ्हाईक तुमचे राहील. मूळ कागद गिऱ्हाइकाच्या सहीने घ्या आणि गोल गुंडाळूनच न्या, घडी घालू नका. रजिस्टरांच्या कामासाठी कॅमेरा आणि स्टँड हवाच असेल तर त्याला ४०,००० रुपयांची मर्यादा घाला; तेवढी रक्कम मार्चनंतर २,१८,००० मधून काढता येईल, मात्र मग मोठ्या यंत्रासाठी १,७८,००० च उरतील हे ध्यानात ठेवा.

महिन्याला साठ कागद सलग सहा महिने आले, तर पुन्हा या यंत्राकडे वळा. साठ कागदांचे ९,००० येतात, दुरुस्ती आणि वीज जाऊन ६,००० उरतात. मदतनीस न ठेवता, स्वतःच्या श्रमाचे काहीही न धरता आणि व्याज हिशेबात घेऊन पाहिले, तर इतक्या उत्पन्नावर जीएसटीसह १,७५,००० च्या वर किंमत परवडत नाही. त्यात ८५,००० मिळवले की २,६०,००० होतात. कॅमेऱ्याचा खर्च केला नसेल तर स्वतःचे २,१८,००० घालून ४२,००० कमी पडतात, आणि ते मुद्रा योजनेच्या शिशु गटात, म्हणजे ५०,००० च्या आत, तारणाशिवाय मिळू शकतात. जुन्या यंत्राला बँक चालवून घेते का, हे शाखेत आधी विचारा. नाही म्हणाली तर ते कर्ज नव्या संगणकापुरते मागा.

व्यापाऱ्याला आज एवढेच कळवा की एप्रिलनंतर, पक्क्या बिलावर, जीएसटीसह १,७५,००० पर्यंत आणि चाचणी झाल्यावरच विचार करू. ३,४०,००० चे यंत्र तो निम्म्यात देणार नाही असे तुम्हाला वाटेल. पण नऊ वर्षांच्या ४२ इंची स्कॅनरला गिऱ्हाईक मिळणे त्यालाही सोपे नाही, आणि तेच यंत्र एप्रिलमध्येही त्याच्या गोदामात असले तर किंमत तोच खाली आणेल.