जालन्याहून ग्राफिक डिझाईनचा कोर्स सुरू करणाऱ्या तुमचे दोन प्रश्न आहेत: ग्राफिक डिझाईन कॉम्प्युटरमुळे सुरू झालं का? जालन्यात राहून त्याचा परदेशातला इतिहास कशाला वाचायचा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: नाही. मॅकिंटॉश कॉम्प्युटर १९८४चा, पान मांडायचं सॉफ्टवेअर पेजमेकर १९८५चं. छापील पान त्याच्या कितीतरी आधीपासून मांडलं जात होतं.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण हा इतिहास नुसता परदेशातला नाही. मी छत्रपती संभाजीनगरात हेच काम करतो आणि माझं मत असं की आपल्या धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठं वळण गुटेनबर्गचं नाही, दगडाचं आहे.

गुटेनबर्गने १४५०च्या सुमारास जर्मनीतल्या माइन्झला धातूचे सुटे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, जुळवून छपाई केली. थोर काम. पण खिळे ओळीतच बसतात. मजकूर वेगळा, चित्राचा ब्लॉक वेगळा. अक्षर वळवून चित्रात न्यायचं म्हटलं की खिळे जुळवणारा जुळारी हात टेकायचा.

ही अडचण सुटली १७९६च्या सुमारास. बव्हेरियातला नाटककार आलोइस झेनेफेल्डर आपली नाटकं स्वस्तात छापायची खटपट करत होता. त्यातून त्याला शिळाछापाचं, म्हणजे दगडावरून छापायचं तंत्र सापडलं. गुळगुळीत चुनखडीवर तेलकट शाईने लिहायचं, दगड ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या भागावर शाई धरत नाही, लिहिलेल्या जागीच धरते. म्हणजे हाताला जे काढता येतं ते सगळं छापता येतं! पॅरिसमध्ये चित्रकार ज्यूल शेरेने याच तंत्रावर रंगीत पोस्टरं काढली, आपल्याकडे १८९४ला निघालेल्या रविवर्मा प्रेसने लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचवल्या. बाउहाउस ही जर्मन डिझाईनशाळा, स्विस ग्रिड ही पान चौकटींत मांडायची पद्धत वगैरे कोर्सला शिकवतीलच.

देवनागरीला तर खिळ्यांचा जाच फार. काना, मात्रा, वेलांटी, रफार, वर जोडाक्षरं. शेकडो खिळे लागायचे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ला मराठी पंचांग छापलं ते शिळाछापावरच. देवनागरी खिळ्यांना खरं देखणेपण आलं ते पुढे, जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यात.

आणि मराठवाड्याचं म्हणाल तर १९४८पर्यंत आपण निजामाच्या संस्थानात होतो, कारभार उर्दूत. उर्दूची नस्तालिक लिपी तिरकी खाली उतरते, शेजारचं अक्षर बदललं की आपला आकार बदलते. ती खिळ्यांत नीट बसेना. म्हणून उर्दू मजकूर कातिब, म्हणजे सुंदर अक्षरात लिहिणारे लेखनिक, हाताने लिहायचे आणि तो दगडावर, पुढे जस्ताच्या पत्र्यावर उतरवून छापला जायचा. लेप दिलेल्या पिवळसर कागदावर सुलटं लिहायचं, दाबलं की दगडावर उलटं उमटतं, छापताना पुन्हा सुलटं.

आमच्या शहरातल्या शहागंजात एका वयस्कर कातिबांना लिहिताना मी पाहिलंय. बरूचं टोक तिरकं तासलेलं, कागद मांडीवरच्या फळीवर. ओळ थोडी कमी भरतेय असं दिसलं की ते मधलंच एखादं अक्षर लांब ओढायचे, तेही नेमकं ओढल्याने शोभेल असंच. आपण ओळ दोन्ही कडांपर्यंत भरणारं जस्टिफायचं बटण दाबतो आणि शब्दांमध्ये भोकं पडतात. ते प्रत्येक ओळीला निर्णय घेत होते. याला डिझाईन नाही तर काय म्हणायचं? हातानं लिहिण्याची ही पद्धत थेट कॉम्प्युटरपर्यंत टिकली. १९८१ला कॉम्प्युटरवरचा नूरी नस्तालिक फॉन्ट आला, १९९४ला इनपेज हे उर्दू सॉफ्टवेअर, आणि मग कातिबांचं काम संपत गेलं. त्याची मला मनापासून हळहळ वाटते.

मराठीत हाताचं अक्षर आणि कॉम्प्युटर यांचा सांधा र. कृ. जोशींसारख्या माणसांनी जपला. ते सुलेखनकार, आयआयटी मुंबईत शिकवायचे. विंडोज २०००बरोबर आलेला मंगल फॉन्ट त्यांचाच. तुम्ही मराठीत टाईप करत असाल तर तो कधी ना कधी वापरलाच असणार.

शिकायला सुरुवात करण्याआधी अजिंठ्याला जाऊन या, जालन्याहून एका दिवसात होतं. सतराव्या लेण्याच्या व्हरांड्यात डाव्या भिंतीवर पाचव्या शतकातलं भवचक्र, म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्याचं बौद्ध चित्र आहे, अर्धवटच उरलंय. दोन हातांनी धरलेलं मोठं चाक, त्याचे कप्पे पाडलेले, कप्प्याकप्प्यात माणसांचे प्रसंग. इंग्रजांना ते राशीचक्र वाटलं होतं. किचकट विषय भिंतीवर कसा मांडायचा, हे तिथे कळतं. वहीत त्या कप्प्यांचं रेखाटन करा. लेणी सोमवारी बंद असतात, तेवढं बघून निघा.