आज जमणार नाही, हे जर्मनमध्ये कसं सांगायचं?

प्रश्न: शिरोलीच्या फाउंड्रीत जर्मन ग्राहकांशी फोनवर बोलावं लागतं. 'आज जमणार नाही, काम आहे' हे रोजच्या बोलीत कसं सांगू?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: 'इश हाप हॉयटे शोन वास फोर' म्हणा, म्हणजे आज आधीच काहीतरी ठरलंय. काय ठरलंय ते सांगायची गरज नाही. निघायचं असेल तर 'इश मुस लोस' पुरे. 'गेट क्लार' मात्र जपून वापरा: तो पक्का होकार आहे, कास्टिंग त्या दिवशी निघालंच पाहिजे. नुसतं 'बघू' म्हणायचं तर 'माल शाउएन'.

खरा घोळ वेळेत होतो. 'हाल्प फिअर' म्हणजे साडेचार नव्हे, साडेतीन. शंका आली की 'फ्युन्फत्सेन उअर ड्रायसिश?' (१५:३०) असं लगेच विचारून घ्या.