गर्व नाही, माज आहे? आधी म्हशीला विचारा

सोलापूरच्या होटगी रोडवरच्या एका भगिनी विचारतात: 2009 साली आलेला, मुंबईतल्या दिनकर भोसलेला खुद्द शिवाजी महाराज येऊन खडसावतात तो सिनेमा घरात पुन्हा पाहिला. मुलगी म्हणाली, 'मला मराठी असल्याचा गर्व आहे.' मी म्हटलं, अभिमान म्हण. भाचा छातीवर तेच छापलेला टी-शर्ट दाखवत म्हणाला, 'गर्व नाही, माज आहे.' बरोबर काय?

मुलीचं चुकलं. हा 'गर्व' हिंदीतून आलाय. आपल्याकडे गर्वाचं घर खाली असतं. ते कुणी सत्कारात शाल-नारळासोबत देत नाही. तरी सात रस्ता चौकातल्या प्रत्येक फलकावर कुणाला ना कुणाला कुणाचा तरी गर्व असतोच. संतांच्या लेखी 'अभिमान'ही टाकून द्यायची गोष्ट होती, हे खरं. पण मराठीने त्याला पुढे प्रतिष्ठा दिली, गर्वाला दिली नाही. 'अस्मिता' म्हणाल तर पतंजलींनी योगसूत्रांत तिला पाच क्लेशांत, म्हणजे मनाला छळणाऱ्या दोषांत बसवलंय, आणि शेजारी गुजरातीत लेखक कन्हैयालाल मुनशींनी तिचंच निशाण उभारलं होतं. तिच्यावर पुन्हा कधीतरी.

मला बोलायचंय ते भाच्याच्या 'माजा'वर.

संस्कृत 'माद्यति', म्हणजे धुंद होतो. प्राकृतात 'मज्जइ', मराठीत 'माजणे'. द्य चा ज्ज होतो, मग एक ज गळतो आणि आधीचा स्वर लांबतो. अद्य–अज्ज–आज. विद्युत–विज्जु–वीज. वाद्यते–वज्जइ–वाजणे. एकदा ही वाट दिसली की झोप लागत नाही! हत्तीचा मद, गुत्त्यातलं मद्य आणि रिक्षाच्या पाठीवरचा माज, तिघंही एकाच 'मद्' धातूचे. म्हणून मराठीत जे माजतं ते हाताबाहेर गेलेलं असतं: तण माजतं, बंडाळी माजते, सांड माजतो. पीक माजलं तरी शेतकऱ्याला आनंद होत नाही, कारण मग पाला दिसतो, दाणा नाही.

आमचे एक प्राध्यापक मित्र 'माज' हा 'मिजास'चा धाकटा भाऊ मानतात आणि व्याख्यानांतून तसं सांगतातही. मग सुरुवातीची 'मि' कोणत्या गाडीत राहिली, हे त्यांनी सांगावं. आणि मिजास करणारं तण मला एकदा दाखवावं. अर्थ जवळ आले म्हणजे रक्ताचं नातं जुळत नाही. तसं असतं तर आपल्या सोलापुरात, जिथे एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू नांदतात, सगळेच एकमेकांचे चुलतभाऊ निघाले असते.

या शब्दाचा खरा जाणकार मात्र गोठ्यात भेटतो. आपल्या जिल्ह्याची पंढरपुरी म्हैस प्रसिद्ध. ती पाळणाऱ्याला विचारा. म्हैस साधारण दर 21 दिवसांनी माजावर येते, म्हणजे फळायला तयार होते, आणि दिवसभरात माज ओसरतोही. त्यातही म्हशीचा बऱ्याचदा 'मुका माज' असतो. ती हंबरत नाही, दावं तोडत नाही. मालक सोट, म्हणजे माजात येणारा चिकट स्राव, दिसतोय का, यावर डोळा ठेवून असतो. उन्हाळ्यात तर फारच मुका. भाच्याचा माज छातीवर छापलेला आहे, म्हणजे तो मुका नव्हे, एवढं निदान नक्की करता येईल. 21 दिवसांचा हिशेब त्याच्या आईने ठेवावा.

हां, मुलीला 'अभिमान'च म्हणायला सांगा.

आणि 'माजघरा'चा याच्याशी काडीचाही संबंध नाही. तो माज 'मध्य'चा: मध्य–मज्झ–माज. जुन्या मराठीत कंबरेलाही माज म्हणत, ती शरीराच्या मध्यावर असते म्हणून. माजघरात घरधनिणीचा माज चालतो, अशी गोड व्युत्पत्ती गेल्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत ऐकली. जिलबी तशीच ताटात राहिली माझी.