आईला कंबरदुखी आहे, तिला वापरायला सोपा पडेल असा व्हॅक्यूम क्लीनर कोणता?

सगळ्यात आधी नळी बघा. आमचं घर नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ, आजूबाजूला बांधकामं सुरूच. दोन दिवस फडकं मारलं नाही की टीपॉयवर बोटाने नाव लिहिता येतं. सासूबाईंसाठी पहिलं मशीन घेतलं त्याची नळी आखूड होती. पलंगाखालचा केर काढायला त्यांना वाकावंच लागायचं, महिन्याभरात ते माळ्यावर गेलं.

म्हणून दुकानात आईंना सोबत न्या. लांबी कमी-जास्त करता येणारी नळी त्यांच्या हातात द्या, ब्रश जमिनीला टेकवून सरळ उभं राहायला सांगा. मूठ कमरेच्या आसपास आली पाहिजे. न वाकता चार फेऱ्या मारता आल्या, तर पुढचं बोला.

कॉर्डलेसला वायर नाही, हे मोठं सुख. पण त्याचं दोन-अडीच किलो वजन हातावर येतं आणि पूर्ण जोरात चालवलं की बॅटरी बरेचदा दहा-पंधरा मिनिटांत संपते. मनगटही दुखत असेल तर चाकांचं, जमिनीवर ओढायचं मशीन बरं; फक्त चालू-बंद बटण पायाने दाबता येतं का ते पाहा.

धुता येणारा फिल्टर असेल तर जोडीला आणखी एक घेऊन ठेवा. इथल्या पावसाळ्यात तो लवकर वाळत नाही आणि ओला बसवला तर कुबट वास येतो, मोटारही बिघडू शकते. धुळीचा डबा मात्र तुम्हीच रिकामा करा, आईंच्या नाकात धूळ जायला नको.