कारच्या काचेला फिल्म लावतोय, काच कितीही धुतली तरी खाली दाणे आणि पांढरट पट्टा राहतो. काय करू?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की काच तीनदा धुतली, पेपरने पुसली, तरी फिल्मखाली दाणे दिसतात, खालच्या कडेला फिल्म धरतच नाही, दोन तुकडे वाया गेले आणि मागची काच अजून बाकी आहे. मी नागपुरात अमरावती रोडला हेच काम करतो. तुम्हाला आलेलं सगळं माझ्याही हातून झालेलं आहे.

आधी पेपर सोडा. घरच्या आरशाला ठीक आहे, फिल्मखाली त्याचे तंतू राहतात. आणि तुमचे दाणे एका कारणाने आहेत, खालची कड सुटते ती दुसऱ्याच कारणाने. धूळ धुतली की जाते. जे जात नाही ते काचेला धरून बसलेलं असतं, आणि ते नेमकं काय आहे हे कळल्याशिवाय घासण्यात अर्थ नाही.

दाणे शोधायची रीत अशी. काच ओली करा, हाताला भाजीवाला देतो तसली पातळ पिशवी चढवा आणि बोटं हलकेच फिरवा. उघड्या बोटाला गुळगुळीत लागणारी काच पिशवीतून रव्यासारखी लागते. हे दाणे म्हणजे जुन्या स्टिकरचा गोंद, रंगाचे तुषार, झाडाचा चीक. यावर उपाय ब्लेडच. शाम्पूचं पाणी भरपूर मारा, नवीन ब्लेड तिरकं धरा आणि एकाच दिशेने ढकला. मागे ओढू नका, ब्लेडखाली अडकलेला कण रेघ मारून जातो. कान उघडे ठेवा: सुरुवातीला खरखर वाजतं, कचरा निघाला की आवाज बंद होतो. कोरड्या काचेवर ब्लेड कधीच नाही, आणि पुढच्या काचेला नवीन पातं.

कोराडी-खापरखेड्याकडून गाडी आली की मी ब्लेडच्याही आधी नुसतं पाणी सोडतो. वीज केंद्राची राख हाताला पिठासारखी लागते, पण तिचे कण काचेसारखेच कडक असतात. कोरड्या फडक्याने पुसली की ओरखडे पडले म्हणून समजा.

आता खालची कड. यात मी एकदा चांगला फसलोय. एका गिऱ्हाइकाच्या गाडीला फिल्म लावली, चार दिवसांत दारांच्या खालच्या कडा सुटल्या. मी फिल्मला शिव्या दिल्या, नवा रोल आणला, परत लावली. परत सुटली. तिसऱ्या वेळी काच धुऊन नुसतं पाणी मारलं आणि बघत उभा राहिलो. वरच्या भागात पाणी चादरीसारखं सरळ उतरत होतं, खालच्या चार बोटांत मात्र त्याचे मणी होत होते, अळूच्या पानावर होतात तसे. विचारल्यावर कळलं, माझ्याकडे यायच्या आदल्या दिवशी गाडी आतून ‘चमकवून’ घेतली होती. डॅशबोर्ड आणि डोअर पॅडवर मारतात तो सिलिकॉनचा स्प्रे उडून काचेवर बसला होता. सिलिकॉनवर गोंद धरत नाही, फिल्म कितीही महाग घ्या.

तेव्हापासून फिल्मचा कागद काढण्याआधी मी पाण्याची परीक्षा घेतो. साबण अजिबात न घालता साधं पाणी मारायचं. चादर अखंड उतरली तर पुढे जायचं, कुठे फाटली तर तिथे काहीतरी आहे. शाम्पूच्या पाण्याने ही परीक्षा होत नाही, शाम्पू सगळंच लपवतो.

सिलिकॉन निघतं, पण चिवट असतं. नुसत्या शाम्पूने ते पसरतं. डेंटिंग-पेंटिंगवाले रंगाआधी वापरतात ते वॅक्स-ग्रीस रिमूव्हर फडक्यावर घ्या, काचेवर ओतू नका, एक फटका मारला की फडक्याची बाजू बदला. मग पांढरा स्क्रब पॅड, मग शाम्पू, मग परत साधं पाणी. मला त्या गाडीला तीन फेऱ्या लागल्या. दाराच्या आतल्या डोअर पॅडवर आणि रबरी बीडिंगवर सिलिकॉन असेल तर तेही धुवा, नाहीतर स्क्वीजी, म्हणजे पाणी ओढायचं रबरी पातं, फिरवताना पाणी तिथून घाण घेऊन वर येतं. आपल्याकडे उन्हाळ्यात आणखी एक भानगड: ४५ अंशांत बंद गाडीचा डॅशबोर्ड तापतो, प्लास्टिकमधून वाफ निघते आणि पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं बसतं. त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं.

पांढरे गोल डाग असतील तर ते बहुतेक बोअरच्या पाण्याचे. ते आत आहेत की बाहेर हे आधी बघा, नख लावून. बाहेरचे डाग काळपट फिल्मवर जास्तच उठून दिसतात आणि बोल आपल्याला लागतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेला टिशू पाच मिनिटं चिकटवून ठेवा, वाळू देऊ नका, रंगावर ओघळ जाऊ देऊ नका. त्यानेही गेला नाही तर सर्वांत बारीक स्टील वूल, पुड्यावर चार शून्यं असतात ते, काच ओली ठेवून. फिल्म चिकटते आतून, पण तिला आकार आपण काचेच्या बाहेरच्या बाजूवर ठेवूनच हीट गनच्या गरम हवेने देतो, म्हणून बाहेरची बाजूही तितकीच साफ हवी. आणि स्प्रे पंपात बोअरचं पाणी भरू नका. आरओचं चालतं, नाहीतर बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड.

सगळंच घाण नसतं, हेही सांगतो. काचेच्या कडेला काळे ठिपके असतात ना, तिथे फिल्म ठिपक्यांवर उचललेली राहते आणि पांढरट पट्टा दिसतो. तो धुऊन जाणार नाही. प्लास्टिकच्या कार्डाने दाबून थोडा कमी होतो, बाकी सोडून द्या. तसंच, लावल्यावर दिसणारे पाण्याचे फुगे वाळले की जातात. बोटाने दाबल्यावर सरकला तर पाणी. जागचा हलला नाही आणि भोवती गोल कडं दिसलं तर दाणा, तो तसाच राहणार.

फिल्म किती काळी, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० नुसार पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार यायलाच हवा. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने फिल्मच बंद केली होती. २०२१ च्या बदललेल्या नियमाकडे बोट दाखवून केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मर्यादेतली फिल्म चालते असं म्हटलं. व्हेरायटी चौकात गाडी थांबवली तर फिल्म किती टक्के उजेड सोडते ते लिहिलेला कागद जवळ असलेला बरा.

राहिली मागची काच. तिथे आतून डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुकं घालवणाऱ्या, तारा असतात, त्यामुळे ब्लेड नाही, स्टील वूल नाही. जुना गोंद असेल तर शाम्पूचं पाणी मारून त्यावर काळी कचऱ्याची पिशवी चिकटवा आणि गाडी उन्हात लावा. आपलं ऊन कधी नव्हे ते कामी येतं, तासाभरात गोंद मऊ होतो. मग पांढरा पॅड तारांच्या दिशेनेच चालवा, तारांना छेदून नाही. फिल्म लावायची वेळ मात्र सकाळची, सावलीत, जमिनीवर पाणी मारून, एसीचा पंखा बंद करून. दुपारी स्क्वीजी फिरायच्या आधीच पाणी उडून जातं.

फिल्म कापण्याआधी साधं पाणी मारून काचेचा फोटो टाका. चादर कुठे फाटते ते बघून सांगतो.