नीसला कोणत्या हंगामात जावे? आधी सव्वादोन लाखांचा धनादेश थांबवा

नाशिकहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या आणि त्यांचे यजमान दोघेही नोकरीत आहेत, मुलगी सातवीत आहे, आणि 2027 साली फ्रान्सच्या भूमध्य समुद्रकिनाऱ्यावरील नीस या शहरी आठवडाभर जाण्याचा त्यांचा विचार आहे. मुलीला समुद्रात पोहायचे आहे. मे-जून, ऑगस्ट की दिवाळीची सुट्टी, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. "राहण्याचा खर्च नाही, त्यामुळे फक्त हंगाम ठरवायचा आहे," असे त्या लिहितात. खर्च का नाही, तर अठ्ठावीस महिन्यांपूर्वी त्यांनी साडेचार लाख रुपयांचे पंचवीस वर्षांचे सुट्टी-सदस्यत्व, म्हणजे दरवर्षी सात रात्री कंपनीच्या रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क, घेतले आहे. आता कंपनीचा प्रतिनिधी सांगतो की आणखी सव्वादोन लाख भरून वरच्या हंगामाची श्रेणी घेतली, तर नीसमधला ऑगस्ट 'मोकळा' होईल, आणि ही सवलत महिनाअखेरपर्यंतच आहे.

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी देणार आहे, पण महिनाअखेर जवळ आली आहे, म्हणून आधी तुम्ही न विचारलेल्या गोष्टीबद्दल लिहितो. हा धनादेश देऊ नका.

ऑगस्टमध्ये नीसमधल्या साध्या, स्वच्छ हॉटेलात तिघांसाठी रात्रीला 200 युरो धरा आणि युरोचा भाव 105 रुपये धरा. सात रात्रींचे साधारण एक लाख सत्तेचाळीस हजार होतात. म्हणजे वर्षातल्या सर्वांत महागड्या महिन्यात, सर्व भाडे खिशातून भरले, तरी ते श्रेणीवाढीच्या रकमेपेक्षा पाऊण लाखाने कमी आहे. प्रतिनिधीने ही वजाबाकी तुमच्यासमोर केली नाही, याचा मला मनापासून राग येतो.

तुम्ही पाठवलेल्या कागदांत माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला निळ्या पेनाने 'युरोप – स्टे फ्री' असे लिहिले आहे आणि खाली दोन रेघा ओढल्या आहेत. छापील करारात मात्र परदेशातील मुक्कामासाठी तुमचा इथला आठवडा आधी जमा करायचा, अदलाबदलीचे, म्हणजे तो देऊन तिथला आठवडा घेण्याचे, शुल्क वेगळे भरायचे आणि मग जे मिळेल ते 'उपलब्धतेनुसार', असे शब्द आहेत. सही करताना पेनाने लिहिलेले वाचले गेले आणि छापलेले राहून गेले, असे दिसते. शिवाय करारातला हंगामाचा तक्ता आपल्या सुट्ट्यांवर बेतलेला आहे. त्यात मे, दिवाळी आणि नाताळ वर आहेत आणि ऑगस्ट खाली आहे. भूमध्य समुद्राकाठी याच्या बरोबर उलटे असते. ऑगस्टमध्ये फ्रान्स आणि इटली हे दोन्ही देश सुट्टीवर निघतात, 15 ऑगस्टला दोन्हीकडे सार्वजनिक सुट्टी असते, आणि त्या काळातल्या किनाऱ्यावरच्या खोल्या अदलाबदलीसाठी शिल्लक उरतील ही आशा फार भाबडी आहे. वरची श्रेणी घेतल्याने इथला मे महिना तुमच्यासाठी खुला होईल, तिथला ऑगस्ट नव्हे.

आता मूळ सदस्यत्वाकडे पाहू. साडेचार लाखांसाठी तुम्ही 14 टक्के दराने चार वर्षांचे वैयक्तिक कर्ज काढले. हप्ता सुमारे 12,300 रुपये, म्हणजे एकूण परतफेड पाच लाख नव्वद हजार. त्याशिवाय दरवर्षी देखभाल शुल्क, जीएसटी धरून 21,000. आजवर अठ्ठावीस हप्ते आणि दोन वर्षांचे शुल्क मिळून तीन लाख शहाऐंशी हजार गेले आहेत, आणि त्या बदल्यात तुम्ही महाबळेश्वरला चार रात्री राहिलात. एका रात्रीला साडेशहाण्णव हजार रुपये पडले. पुढची वर्षे अजून शिल्लक आहेत, तेव्हा हा हिशेब कठोर वाटेल हे मला मान्य आहे. म्हणून पूर्ण पंचवीस वर्षांचा धरू. देखभाल शुल्क वर्षाला सहा टक्क्यांनी वाढत गेले, तर त्याचेच साडेअकरा लाख होतात, आणि कर्जफेड मिळवून साडेसतरा लाखांच्या आसपास रक्कम जाते. एकही रात्र वाया न घालवता तुम्ही 175 रात्री राहिलात, तरी सरासरी रात्रीला दहा हजार पडतात. दोन नोकऱ्या, मुलीची दहावी-बारावी आणि घरची आजारपणे असलेल्या कुटुंबात पंचवीस वर्षे एकही रात्र वाया जात नाही, असे मी आजवर पाहिलेले नाही. हेच साडेचार लाख मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी असते, तर करापूर्वी वर्षाला 29,000 व्याज आले असते. त्यात देखभालीचे 21,000 मिळवले की मुद्दलाला हात न लावता दरवर्षी सुट्टीसाठी पन्नास हजार हाती येतात, आणि कुठे, केव्हा जायचे हे तुम्हीच ठरवता.

झालेल्या चुकीबद्दल स्वतःला किंवा यजमानांना दोष देत बसू नका. हॉटेलात जेवायला बोलावून, मुलीला खाऊ देऊन, तीन तास बसवून घेतलेल्या सहीत शांतपणे विचार करायला वावच ठेवलेला नसतो. पुढचे मात्र तुमच्या हातात आहे. करारातील सदस्यत्व रद्द करण्याचे कलम नीट वाचा आणि कंपनीला ईमेलने, लेखी विचारा की आज बाहेर पडल्यास काय परत मिळेल. दिलेली तोंडी आश्वासने आणि नाकारलेली आरक्षणे यांची तारीखवार नोंद करा. समाधान झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणात तक्रारीसाठी शुल्क लागत नाही. पण तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि तुमची खरेदी त्याहून जुनी आहे, म्हणून आरक्षण नाकारल्याच्या तारखा वकिलांना दाखवा आणि उशीर करू नका. आणखी एक धोक्याची सूचना: 'तुमचे सदस्यत्व विकून देतो, आधी प्रक्रिया शुल्क भरा' असा फोन आला, तर एक रुपयाही देऊ नका.

पत्रातली दुसरी गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली आहे. सहलीसाठी साठवलेले चार लाख वीस हजार बचत खात्यात पडून आहेत. तिथे त्यांना जेमतेम तीन टक्के मिळतात आणि शेजारी 14 टक्क्यांचे कर्ज चालू आहे. वीस हप्ते उरले आहेत, म्हणजे बाकी अंदाजे दोन लाख अठरा हजार असावी. मुदतपूर्व फेडीचे शुल्क बँकेकडून लेखी घ्या, आणि ते चार-पाच हजारांच्या घरात असेल तर कर्ज लगेच फेडून टाका. पुढचे अठ्ठावीस हजारांचे व्याज वाचेल. उरलेले दोन लाख, सुटलेला 12,300 चा हप्ता आणि तुम्ही आजही बाजूला टाकता ते महिन्याचे आठ हजार, असे वर्षभरात चार लाख चाळीस हजारांच्या पुढे जमते. अडीअडचणीची रक्कम वेगळी आहे असे तुम्ही लिहिले आहे, तिला सहलीसाठी हात लावू नका.

आता हंगाम. दिवाळी सोडून द्या. 2027 मध्ये लक्ष्मीपूजन 29 ऑक्टोबरला आहे, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे नीसमधले सर्वाधिक पावसाचे महिने आहेत. ऑगस्टमध्ये समुद्र 24-25 अंशांपर्यंत तापतो हे खरे, पण गर्दी आणि भाडे दोन्ही शिगेला असतात आणि मुलीची शाळा बुडते. हवेच्या आणि पाण्याच्या दृष्टीने सप्टेंबर सर्वांत चांगला. तुम्ही दोघेच जाणार असता, तर मी तोच सुचवला असता. मुलीसह जाताना जूनचा दुसरा आठवडा घ्या. मेच्या मध्यावर शेजारच्या कान (Cannes) शहरात चित्रपट महोत्सव असतो, आणि मोनॅकोची मोटारशर्यत 2026 पासून जूनच्या पहिल्या पूर्ण शनिवार-रविवारी नेली आहे. या दोन्ही वेळी सबंध किनाऱ्यावरची हॉटेले महागतात. शर्यतीची तारीख पक्की पाहून ती आटोपताच पोहोचा आणि शाळा उघडण्याआधी परत या. तेव्हा समुद्र 20 अंशांच्या आसपास असतो. कोकणच्या पाण्याची सवय असलेल्या मुलीला पहिल्या दिवशी तो गार लागेल, पण दुपारच्या उन्हात पोहता येते. मे महिन्यात मात्र पाणी 17-18 अंशच असते, म्हणून पोहायचे असेल तर मे नको.

खर्च साधारण असा धरा: एक थांबा असलेली विमानाची तीन तिकिटे दोन लाख, 140 युरोच्या दराने सात रात्री एक लाख तीन हजार, खाणे-फिरणे पाऊण लाख, व्हिसा आणि विमा चाळीस हजार. एकूण सव्वाचार लाखांच्या आत बसते. फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचे शुल्क प्रौढांना 90 युरो आहे आणि बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांनाही तेवढेच, त्यामुळे तिघांचे सेवाशुल्क सोडून 28,000 होतील. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणून डिसेंबरमध्ये भेटीची वेळ घ्या. तिकिटे सहल कंपनीमार्फत न काढता स्वतः काढा, आणि हॉटेल मोफत रद्द करता येईल असेच निवडा. विमानतळावरून शहरात ट्राम जाते, टॅक्सी लागत नाही. नीसचा किनारा वाळूचा नसून गोट्यांचा आहे. भाड्याच्या आरामखुर्च्या असलेले खासगी पट्टे सोडले, तर समुद्रापाशी सार्वजनिक जागा विनामूल्य आहे, आणि तिघांसाठी पाण्यात घालायचे रबरी बूट नाशिकमधूनच घेऊन जा.