मॅच झालं नाही, आता पुढं काय? सोलापूरच्या एका ज्युनियरला उत्तर

तुझा मेल काल रात्री ड्यूटीवरून आल्यावर वाचला, आज सकाळी पुन्हा वाचला. सोलापूरच्या सरकारी कॉलेजातून २०२२ ला इंटर्नशिप संपली, अमेरिकेतल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षांपैकी स्टेप वन पास, स्टेप टू सीके २३९, तिकडच्या रेसिडेन्सीसाठी (आपल्याकडच्या पीजीसारखं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) इंटर्नल मेडिसिनच्या ११० प्रोग्रामना अर्ज, दोन इंटरव्ह्यू, आणि मार्चमधल्या त्या सोमवारी ‘मॅच झालेलं नाही’, म्हणजे उमेदवार आणि प्रोग्राम यांच्या जोड्या लावणाऱ्या प्रक्रियेत जागा मिळाली नाही, असा मेल. त्याच आठवड्यात उरलेल्या जागा भरतात त्या सोपमध्येही काही हाती लागलं नाही. बाबा म्हणतात नीट पीजीला बस, मामा म्हणतात तिकडं जाऊन एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स पदवी) कर, आणि तुझ्या मनात आहे टुरिस्ट व्हिसावर येऊन ऑब्झर्व्हरशिप करत वर्ष काढायचं. ‘ताई, यातलं काय करू?’ असं विचारलंयस.

मी मिरजेची. २०१८ च्या मार्चमध्ये मलाही तोच मेल आला होता. आपल्याकडं रात्रीचे साडेआठ वाजले होते, आई पानं वाढत होती. मी फोन पालथा ठेवला आणि जेवायला बसले. घरात सांगितलं ते सगळे अंथरुणं घालायला लागल्यावर. पुढचे सोपचे दिवस गच्चीवर गेले, कारण खाली रेंज धड नव्हती. अमेरिकेतला दिवस म्हणजे आपली रात्र, त्यामुळं सतरंजी, चार्जरची लांब वायर आणि प्रोग्रामची नावं लिहिलेली दोनशे पानी वही घेऊन मी वर बसायचे, आणि पहाटे अडीच-तीनला तिकडची ऑफिसं बंद झाली की खाली यायचे. एका प्रोग्रामचा फोन आला, सात मिनिटांचा. त्यानंतर काही नाही. दोन वर्षांनी, २०२० मध्ये, माझं मॅच झालं. आता आयोवातल्या एका लहान गावात हॉस्पिटलिस्ट (भरती झालेले पेशंट बघणारी डॉक्टर) आहे. म्हणून जे सांगते ते मधल्या दोन वर्षांत केलेल्या चुकांसकट सांगते.

आधी एक आकडा डोळ्यांसमोर ठेव. २०२५ च्या मॅचमध्ये अमेरिकेचं नागरिकत्व नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी ५८ टक्क्यांना जागा मिळाली. म्हणजे शंभरातले बेचाळीस तुझ्या जागी उभे होते, आणि त्यांत हुशार, कष्टाळू मुलं भरपूर होती. तू कमी पडलीस असं घरात कुणी म्हणत असेल तर हा आकडा त्यांना सांग. पण स्वतःला मात्र दुसरा प्रश्न विचार: ११० अर्जांतून दोनच इंटरव्ह्यू का आले?

तू पर्याय शोधायला लागलीस, पण मॅच का झालं नाही याचं कारण शोधलं नाहीस. मीही तेच केलं होतं. एप्रिलमध्ये एका सीनियरनं रागावून सांगितल्यावर मी इंटरव्ह्यू झालेल्या प्रोग्रामना साधा मेल टाकला, की माझ्या अर्जात काय कमी होतं ते कळेल का. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एका प्रोग्राम डायरेक्टरनं तीन ओळी लिहिल्या: तुझी तिन्ही शिफारसपत्रं जुनी आहेत, अमेरिकेत काम केलेल्या कुणाचंही त्यात नाही, आणि ‘आमचाच प्रोग्राम का’ याला तुझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या तीन ओळींनी माझं वर्ष वाचवलं. तू ज्या दोन ठिकाणी इंटरव्ह्यू दिलास त्यांना या आठवड्यात लिही. नम्रपणे, चार वाक्यांत, जागा न मागता.

तुझ्या अर्जाकडं दुरून बघून मला जे दिसतं ते सांगते. २३९ वाईट नाही, पण इंटर्नल मेडिसिनमध्ये तेवढ्यावर लक्ष वेधलं जात नाही, आणि पास झालेली परीक्षा पुन्हा देता येत नाही. त्यामुळं स्कोअरचा विषय तिथंच संपला. पदवीचं वर्ष मात्र दरवर्षी जुनं होतंय. बऱ्याच प्रोग्रामची चाळणी पाच वर्षांवर असते, म्हणजे तुझ्याकडं धड दोन प्रयत्न आहेत असं धर. २०२२ नंतर पेशंट कुठं पाहिलेस हे तू मेलमध्ये लिहिलंच नाहीस. नुसता अभ्यास करत घरी असशील, तर चाळणीतून गळायला तेवढं एकच कारण पुरतं.

आता टुरिस्ट व्हिसाचं. ऑब्झर्व्हरशिप म्हणजे नावाप्रमाणं बघणं. पेशंटला हात लावायचा नाही, नोट लिहायची नाही. त्या व्हिसावर काम करायचं नाही, बिनपगारी ‘मदत’ म्हणून कुणी क्लिनिकमध्ये राबवत असेल तर तेही नाही. महिन्याला दोन-तीन हजार डॉलर घेऊन एखाद्या खाजगी डॉक्टरच्या क्लिनिकमध्ये उभं करणारे मध्यस्थ आहेत. माझेही पैसे असेच एका ठिकाणी गेले. पत्र मिळालं, पण त्या डॉक्टरांनी आयुष्यात रेसिडेंट शिकवला नव्हता, आणि पत्रातलं माझं नाव सोडलं तर ते कुणालाही चाललं असतं. रेसिडेंट जिथं शिकतात अशा हॉस्पिटलात, चार-चार आठवड्यांच्या दोन जागा मिळाल्या तर जरूर ये. सहा महिने नुसती वाट बघायला येऊ नकोस. राहण्या-खाण्याचा खर्च डॉलरमध्ये होतो आणि इकडं तुझ्या हातून पेशंट सुटतात.

मला विचारशील तर तुझ्यासाठी सगळ्यांत कामाची गोष्ट तुझ्या जिल्ह्यातच आहे. सरकारी कॉलेजातली आहेस म्हणजे वर्षभराचा सरकारी सेवेचा बाँड आहे, नाही केलास तर १० लाखांचा दंड. तो अजून झाला नसेल तर आता घे. झाला असेल तरी ग्रामीण रुग्णालयात किंवा एखाद्या आयसीयूत मेडिकल ऑफिसर म्हणून लाग. मी २०१८ मध्ये जत तालुक्यात आठ महिने काढले. सर्पदंश, ऑरगॅनोफॉस्फरसचं (कीटकनाशकाचं) विष घेतलेली पोरं, आणि रात्री दीडला मिरजेला हलवायची की नाही हे ठरवायचे पेशंट. पुढच्या वेळी इंटरव्ह्यूत मला विचारलं, ‘सगळ्यांत कठीण रात्र कुठली?’ तेव्हा मला आठवावं लागलं नाही. अॅट्रोपिनची (त्या विषावरच्या औषधाची) शेवटची पेटी, बाहेर पायरीवर बसलेला बाप, १०८ ला लागलेला पाऊण तास, हे सगळं मी सांगत गेले आणि समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. पगार मिळाला तो वेगळाच.

त्याच्या जोडीला संशोधनाची जागा शोध. मी जत सोडून ओहायोतल्या एका युनिव्हर्सिटी हॉस्पिटलात जे-वन (संशोधन-प्रशिक्षणासाठीच्या) व्हिसावर रिसर्चला गेले. त्यासाठी शंभरेक मेल टाकले होते, उत्तरं आली सात. पगारी जागा असेल आणि तुझे गाइड त्याच विभागात रेसिडेंट शिकवत असतील तर ती घे. बिनपगारी असेल तर व्हिसा काय, कागद कोण देणार, आणि पेपरवर नाव कुठं येणार हे आधी लेखी विचार. वर्षभर डेटा भरून शेवटी नाव न लागलेली मुलं मी पाहिली आहेत.

एमपीएचबद्दल मामांना एवढंच सांग की त्यानं रेसिडेन्सीचं दार आपोआप उघडत नाही. पन्नास लाख रुपये सहज जातात. ज्याला सार्वजनिक आरोग्यातच काम करायचंय त्याच्यासाठी ती उत्तम पदवी आहे: नंतर बारा महिने ओपीटी (शिक्षणानंतर तिथं काम करायची परवानगी) मिळते, एपिडेमिऑलॉजी-बायोस्टॅटिस्टिक्ससारख्या बऱ्याच शाखांना पुढं आणखी चोवीस महिने. ओहायोतली माझी रूममेट लातूरची, तिनं एमपीएच केलं, दोनदा मॅच झालं नाही, आणि आज ती एका राज्याच्या आरोग्य खात्यात साथीच्या रोगांची माहिती सांभाळते. कामात रमली आहे. पण तिनं पदवी त्याच कामासाठी घेतली होती. कर्ज काढून केवळ अमेरिकेत पाय टेकवायला घेतलेली एमपीएच पुढं फार जड जाते.

पुन्हा अर्ज करायचाच असेल तर तोच अर्ज नव्या तारखेनं पाठवू नकोस. सप्टेंबरच्या आत निदान दोन नवी पत्रं, नवं पर्सनल स्टेटमेंट, आणि मनापासून पटत असेल तर फॅमिली मेडिसिनसाठी वेगळं स्टेटमेंट. २०२४ च्या मॅचनंतर फॅमिली मेडिसिनच्या सहाशेहून जास्त जागा रिकाम्या राहिल्या होत्या. त्यातल्या सगळ्या व्हिसा देणाऱ्या नसतात, हे खरं. म्हणूनच यादी करताना आधी प्रत्येक प्रोग्रामचं व्हिसा धोरण आणि पदवीच्या वर्षाची अट बघ, मग पैसे भर. तिसाव्या अर्जानंतर इरासचा (ज्यातून अर्ज जातात त्या यंत्रणेचा) दर चढतो, त्यामुळं डोळे मिटून केलेले शेवटचे पन्नास अर्ज सगळ्यांत महाग पडतात.

स्टेप थ्रीचं विचारलंयस. ती अमेरिकेतच येऊन द्यावी लागते, जे-वनसाठी गरजेची नाही, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी लागते. चांगली गेली तर २३९ ला आधार मिळतो, नापास झालीस तर अर्जावर कायमचा डाग. तयारी पक्की असेल तरच दे. एच-वन-बीवर मात्र भिस्त ठेवू नकोस. सप्टेंबर २०२५ च्या आदेशानं अमेरिकेबाहेरच्या उमेदवारांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क बसवलं आहे. जे-वन धरून चाल. त्यात नंतर दोन वर्षं भारतात परतायची अट असते, किंवा डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम करून सूट मिळवायची, प्रत्येक राज्याला वर्षाला अशा तीस. मी तशीच आयोवात आले. मक्याच्या शेतांमधलं हे गाव मला आवडलं, पण इथं पहिली दिवाळी एकटीनं काढली हेही तुला माहीत असू दे.

पुढच्या वेळी सोपमध्ये जावं लागलं तर दोन गोष्टी ध्यानात ठेव. ४५ च अर्ज करता येतात, आणि आपण होऊन प्रोग्रामला फोन किंवा मेल करायचा नसतो, कुणाकडून करवायचाही नसतो. तिथं सर्जरीच्या एक वर्षाच्या प्रिलिमिनरी जागा बऱ्याच दिसतील. त्या घ्यायच्या तर पुढच्या वर्षाची काही हमी नाही हे डोळे उघडे ठेवून घे. काही जण त्यातून पुढं सरकतात. काही जण वर्षभर हाडं झिजवून पुन्हा तिथंच येतात.

मिझुरीसारख्या काही राज्यांत रेसिडेन्सीशिवाय ‘असिस्टंट फिजिशियन’ म्हणून देखरेखीखाली काम करता येतं असं तू वाचलंयस. बरोबर आहे, मिझुरीचा कायदा २०१४ चा आहे. पण त्याला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, तुझ्या उपयोगाचा नाही. टेनेसीनं २०२३ मध्ये परदेशात प्रशिक्षण झालेल्या डॉक्टरांसाठी वेगळी वाट काढली आणि नंतर इतर काही राज्यांनीही. त्यात रेसिडेन्सी अमेरिकेबाहेर झालेली असली तरी विचार होतो. म्हणजे बाबांचं नीट पीजीचं म्हणणं अमेरिकेच्याही विरोधात जात नाही. आपल्याकडं एमडी मेडिसिन किंवा डीएनबी झालेली मुलगी उद्या या वाटेनं किंवा फेलोशिपनं येऊ शकते, आणि नाही आली तरी ती पूर्ण डॉक्टर असते. यंदा नीट पीजी दे. इरास आणि नीट दोन्ही एकाच वर्षात होणार नाही असं तू लिहिलंयस, पण स्टेप टूचा अभ्यास ताजा असताना ते जमतं.

दुसऱ्या देशांचं थोडक्यात. यूकेत प्लॅब टू ही परवान्यासाठीची परीक्षा मँचेस्टरला जाऊन द्यावी लागते, आणि पास झाल्यावरही पहिली नोकरी मिळायला आता फार गर्दी आहे. जर्मनीत मॅच नावाचा प्रकारच नाही, हॉस्पिटलला थेट अर्ज करतात. मात्र जर्मन बी-टूपर्यंत आणि वर वैद्यकीय भाषेची सी-वन पातळीची परीक्षा. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जाऊन एक महिना शिकून बघ. भाषा गळी उतरतेय का ते तेवढ्यात कळतं. नसेल उतरत तर तो विषय सोड.

पेशंट पाहायचेच नसतील तर पुण्या-मुंबईत फार्माकोव्हिजिलन्स आणि क्लिनिकल रिसर्चमध्ये एमबीबीएसना मागणी आहे. माझ्या हॉस्टेलची एक मैत्रीण औषधांच्या दुष्परिणामांचे अहवाल तपासते, घरून काम, दोन मुलं, समाधानी आहे. तुझ्या मेलमध्ये मला पेशंटची ओढ दिसली म्हणून यावर जास्त लिहीत नाही.

आणखी एक, तू विचारलं नाहीस तरी. अमेरिकेतल्या इंजिनियर मुलाचं स्थळ आलंय आणि ‘तिकडं गेल्यावर परीक्षा देता येतील’ असं घरात चाललंय, हे तू ओझरतं लिहिलंयस. एच-फोरवर (एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) सरसकट नोकरी करता येत नाही. सहसा नवऱ्याच्या ग्रीन कार्डसाठी कंपनीनं केलेला आय-वन-फोर्टी हा अर्ज मंजूर झाल्यावरच वर्क परमिट मागता येतं, त्याला वर्षं लागू शकतात, आणि तेवढी तुझी पदवी जुनी होते. मुलगा आवडला असेल तर लग्न जरूर कर. रेसिडेन्सीसाठी म्हणून करू नकोस. आणि पहिल्याच भेटीत त्याला विचार, दुसऱ्या राज्यात जागा मिळाली तर तीन वर्षं वेगळं राहायची तयारी आहे का.

या महिन्यात महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन कधी संपतं ते बघ. पाच वर्षांत तीस क्रेडिट तास लागतात, ऐनवेळी धावपळ होते. रेसिडेन्सीसाठी परदेशी पदवीधरांना लागणाऱ्या ईसीएफएमजी सर्टिफिकेटवरची मुदतही बघ. मग गेल्या वर्षीचं पर्सनल स्टेटमेंट, प्रोग्रामची यादी आणि पत्रं कुणाकुणाची होती एवढं मला पाठव. रविवारी मला सुट्टी आहे. माझी सकाळ म्हणजे तुझी संध्याकाळ, सातनंतर फोन कर. बाबांनाही बसव सोबत, त्यांचे प्रश्न मला त्यांच्याच तोंडून ऐकायचे आहेत.